येरुशा बिन्त शालोम यांची बरणी

धाकटखारात दर सातव्या वर्षी बेने इस्राएलांच्या प्रत्येक घराला आपली एक प्रार्थना किंवा एक रीत पडीक ठेवावी लागे, आणि ती चिनी मातीच्या बरणीत घालून वर्षभरासाठी सिनेगॉगच्या माळ्यावर जमा करावी लागे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, हे शास्त्रातच सांगितलेलं आहे. धाकटखारच्या या मंडळींकडे जमिनी कधीच फारशा नव्हत्या. वाडवडील तेलाचे घाणे चालवणारे; शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पण जमीन नाही म्हणून नियमातून सुटका करून घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. जे होतं ते त्यांनी पडीक ठेवलं.

तेव्हा गावात त्यांची चाळीस घरं होती. आज तिथे जाऊन पाहाल तर ओट्यांवर दुसऱ्यांचा जवळा सुकत असतो. पण तेव्हा नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होतं त्या दिवशी, घराघरांतून गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा आणि नारळाच्या रसाचा असा वास सुटायचा, की खाडीपलीकडची माणसंही विचारायची, सण आला वाटतं. पडीक वर्षही त्याच सणापासून धरत. बरणीच्या तोंडाशी तोंड नेऊन प्रार्थना शेवटची म्हणायची, लगेच फडकं बांधायचं. फडक्याला गाठ बसली की ती गोष्ट त्या माणसाकडे उरत नसे.

शलमोन दिवेकरांनी एकदा ‘आमेन’ जमा केलं. वर्षभर प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ते इकडेतिकडे बघत आणि शेजाऱ्याला हळूच विचारत, “संपलं का?” पेणकरांच्या घराने चौकटीवर ठोकलेल्या शास्त्रवचनाच्या डबीला, मेजुझाला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची रीत ठेवली होती. वर्ष संपून ती परत मिळाली त्या सकाळी अख्खं घर दारातच उभं राहिलं. कोणी आत जाईना, कोणी बाहेर येईना, आणि दूधवाल्याला भांडं पायरीवर ठेवून जावं लागलं. सगळा खटाटोप होता तो याचसाठी. पडीक राहिलेलं परत येई तेव्हा कोरं करकरीत येई.

वाटेल ते मात्र जमा करता येत नसे. अहारोन रोहेकर तपकिरीची सवय घेऊन आले होते, त्यांना परत पाठवण्यात आलं. पडीक ठेवायला जमीन आधी पिकाऊ लागते, असं सिनेगॉगच्या कमिटीने त्यांना लेखी कळवलं.

कोणाच्या घरची कोणती रीत ठेवायची, ते कमिटीच ठरवी. त्यासाठी सण यायच्या आधी महिनाभर कमिटीचे सेक्रेटरी इलिशा दांडेकर घरोघर जाऊन बसत. दांडेकर पोस्टातून निवृत्त झालेले. त्यामुळे त्यांना घाई नसे आणि चूक खपत नसे. एका शुक्रवारी संध्याकाळी ते येरुशाबाई घोसाळकरांच्या ओटीवर येऊन बसले.

येरुशाबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हाताखालून गेलेल्या म्हणाव्यात तर गल्लीतल्या सगळ्या मांजरी. त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात. दिवा लावून डोळ्यांवर हात घेतले आणि आशीर्वाद म्हटला. दांडेकरांनी घड्याळ पाहिलं, दिवस मावळायच्या आत वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

“वहिनी, यंदा तुमच्याकडचा दिव्याचा आशीर्वाद ठेवावा लागेल.”

“का बरं?”

“अकरा सेकंदांत झाला. त्यात मांजराला एकदा हाकललंत, आणि चांगुणा कोळीण दारावरून जात होती तिला बांगडे कसे दिले ते विचारलंत. डोळ्यांवरचे हात न काढता.”

“साठ वर्षं लावतेय, इलिशाभाऊ. हात आपोआप चालतात.”

“तेच लिहिलंय मी,” दांडेकर म्हणाले.

येरुशाबाईंनी दुसऱ्या दिवशी, म्हणजे शब्बाथ सुटल्यावर, कमिटीकडे हरकत नोंदवली. हरकत अगदी साधी होती. येरुशाबाईंची आई त्या नऊ वर्षांच्या असताना छातीच्या आजाराने गेली. फोटो नाही, दागिना नाही, हाताचं लिहिलेलं काही नाही. आईने शिकवलेली एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे दिवा लावणं. आई त्यांना आठवायची ती फक्त दिव्यापाशी. तिचा आवाज, कुठे उभी राहायची, हात कसे घ्यायची, सगळं त्या अकरा सेकंदांत होतं. बांगड्यांचा भाव विचारताना देखील ते तिथेच होतं, आपण जसे घरात शिरताना भिंतीकडे बघत नाही पण भिंत असते.

“आशीर्वाद घ्या,” त्या कमिटीपुढे म्हणाल्या. “आई तेवढी काढून माझ्याकडे ठेवा.”

“तसं होत नाही,” दांडेकर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण नियम नियमच होता. “रोप उपटताना मुळांची माती झाडून घेतली तर ते दुसरीकडे लागत नाही. जे ठेवायचं ते मुळासकट. वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“वर्ष मी काढीन की नाही, ते कुणी सांगितलंय?”

हरकत फेटाळली गेली आणि तसं वहीत लिहून खाली पाच सह्या झाल्या.

जमा करायच्या दिवशी येरुशाबाई बरणीपुढे बसल्या. मग झाकण काढून तोंड जवळ नेलं आणि कित्येक वर्षांत म्हटला नसेल इतका सावकाश आशीर्वाद म्हटला, एकेक शब्द सुटा करून. दांडेकरांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी फडकं बांधून गाठ मारली. येरुशाबाईंनी बरणीकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय, कुणाचं लोणचं?”

“तुमचंच आहे, वहिनी. वर्षाने मिळेल,” दांडेकर म्हणाले आणि बरणी घेऊन माळ्यावर चढले.

ते वर्ष येरुशाबाईंना लांब गेलं. दुखलं-खुपलं असं काही नाही, कारण काय गेलं तेच ठाऊक नव्हतं. आपल्याला आई होती हे त्यांना माहीत होतं, पण पणजोबा होते हे जसं माहीत असतं तसं. शुक्रवारी उन्हं उतरली की मात्र घरात थोडा वेळ शिल्लक राही. स्वयंपाक झालेला असे, किसमिसाचं सरबत गाळून ठेवलेलं असे, ओटी झाडलेली असे, आणि तरी काहीतरी राहिलंय म्हणून त्या या खोलीतून त्या खोलीत जात. कधी कधी उभ्या उभ्या त्यांचे दोन्ही हात डोळ्यांवर जात. तिथे काही मिळत नसे. हाताला कांद्याचा वास तेवढा असे. चांगुणा एकदा दारातून बघून म्हणाली, “रडतेस का गो बाय?” येरुशाबाई म्हणाल्या, “नाही गं, बघत होते.” दोन बांगडे जास्त घालून चांगुणा निघून गेली.

येरुशाबाई मेल्या नाहीत. पडीक वर्ष संपलं, नव्याचा सण आला, आणि सणानंतर माळ्यावरच्या बरण्या खाली उतरवून वाटण्यात आल्या. त्या वेळी गावात निराळीच धांदल होती. सात कुटुंबं इस्राएलला निघालेली. कोणी भांडी विकतंय, कोणी स्वेटर मागतंय, कोणी घरातल्या पाट्याला मिठी मारून रडतंय कारण तो विमानात घेऊ देणार नव्हते. त्या गर्दीतच येरुशाबाईंनी आपली बरणी कुशीत घेऊन घरी आणली आणि शुक्रवारपर्यंत कपाटात ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी फडकं सोडलं. पेला पुढ्यात ठेवला, वात लावली, डोळ्यांवर हात घेतले. आशीर्वाद आला, अगदी कोरा, आणि त्याच्यापाठोपाठ आई आली. आई उंच होती. तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. “वात किती जाड केलीस,” ती म्हणाली. “तेल काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलंयस? आणि हात धुतलेस का?”

येरुशाबाईंनी हात खाली घेतले. ही आई नव्हती. ही मालकाबाई होती.

मालकाबाईंना गावात कोण ओळखत नव्हतं? त्यांच्या जिभेला बैलसुद्धा टरकून असत. त्या जाऊन दहा वर्षं झाली होती. आणि त्यांच्या लेकीचं नाव येरुशाच. येरुशा किहीमकर, बेचाळीस वर्षांची. शुक्रवारचा दिवा तिनेही जमा केला होता.

शब्बाथ सुटताच येरुशाबाई दांडेकरांकडे गेल्या. दांडेकरांनी कपाट उघडलं, वही काढली, चष्मा लावला आणि ओळींवरून दोनदा बोट फिरवलं. बरणीवर नाव लिहायचं ते धर्माच्या कामातलं, म्हणजे स्वतःचं आणि बापाचं. घोसाळकर, किहीमकर ही गावांवरून पडलेली आडनावं पोस्टाच्या कामाची. ती बरणीवर लिहीत नसत. आणि दोघींच्या बापाचं नाव शालोम. माळ्यावर दोन बरण्यांवर, दांडेकरांच्याच सुवाच्य अक्षरात, एकच नाव होतं: येरुशा बिन्त शालोम, शालोमची लेक येरुशा.

“चाळीस वर्षं पोस्टात काढली,” दांडेकर शेवटी म्हणाले. “एक पत्र दुसऱ्याच्या दारात टाकलं नाही मी.”

“तिच्याकडे जाऊ या. चला आत्ता.”

“ती मंगळवारीच गेली, वहिनी. इस्राएलात, दिमोना गावी.”

आई वर्षभर नव्हती तेव्हा येरुशाबाईंना तिची उणीव कळत नव्हती. आता कळत होती, कारण तिच्या जागी दुसरी बाई येऊन उभी होती. माझी आई सात समुद्र ओलांडून गेली आणि तिला अच्छा म्हणायलासुद्धा कोणी नव्हतं, असं त्या म्हणाल्या, आणि मग मात्र त्या खरंच रडल्या.

कमिटीची बैठक झाली. उघडलेली बरणी पुन्हा बांधायची तर पुढच्या पडीक वर्षीच बांधता येते, त्याला सहा वर्षं होती, आणि ती सोडायला त्यावर आणखी एक. अदलाबदल सात वर्षांनी होईल. तेव्हा येरुशाबाई शहात्तर वर्षांच्या असतील. तोवर दांडेकरांनी दिमोनाला चौकशीचं पत्र घालावं, असं ठरलं. त्याच बैठकीत असंही नोंदवलं गेलं, की श्रीमती घोसाळकर सध्या दिवा लावताना पूर्ण लक्ष देतात. पाहणीच्या दिवशी आशीर्वादाला चार मिनिटं लागली, कोळणीला ओटीवर थांबावं लागलं. सबब परिणाम समाधानकारक.

“समाधान कुणाचं?” येरुशाबाईंनी विचारलं. ते नोंदवलं गेलं नाही.

पण गोष्ट खरी होती. मालकाबाईंसमोर झोपेत दिवा लावण्याची कुणाची टाप होती? शुक्रवारी दुपारपासूनच येरुशाबाई पेला घासायला घेत. वात दोनदा वळत. आशीर्वाद म्हणताना एक शब्द गिळला तर मालकाबाई तो परत म्हणायला लावत. थोड्या आठवड्यांनी त्या वातीला “ठीक” म्हणाल्या, आणि येरुशाबाईंना दुसरा अख्खा दिवस बरं वाटलं. माणसाला सवय कशाची लागेल सांगता येत नाही म्हणतात; इथे मालकाबाई सवय लागूच देत नव्हत्या. तरीसुद्धा पेला विसळून पालथा घालताना दर वेळी येरुशाबाईंच्या मनात यायचं, की ही दुसरीची आई आहे.

डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या सुमाराला दिमोनाहून निळं पत्र आलं. ते दांडेकरांच्या नावे होतं, पण मजकूर येरुशाबाईंसाठी होता. दांडेकरांनी तो ओटीवर बसून वाचून दाखवला.

“मावशीस येरुशाचा शालोम,” धाकट्या येरुशाने लिहिलं होतं. “पहिल्याच शुक्रवारी मला कळलं की ही तुमची आई. पण आधी घर नव्हतं, मग थंडी सुरू झाली, त्यात लिहायचं राहिलं, रागावू नका. तुमची आई बारीक आहे. मधूनमधून खोकते. ती मला पाटावर उभी करते, कारण तिच्या हिशोबी मी लहान आहे. इथे पाट नाही म्हणून मी संत्र्यांच्या खोक्यावर उभी राहते. पोरं हसतात. मावशी, ती डोक्यावर मागून हात ठेवते. माझ्या आईने मला सगळं शिकवलं, पण असा हात कधी ठेवला नाही, तुम्हाला आता माहीतच असेल. तर तुमचं तुम्हाला द्यायला माझी ना नाही, पण माझी आई सांभाळून घ्या, ती वाईट नाही.”

दांडेकरांनी पत्र उलटलं. मागच्या घडीवर बारीक अक्षरात आणखी होतं.

“एक लिहायचं राहिलं. डोळ्यांवर हात घेतले की ती आशीर्वाद लगेच म्हणत नाही. आधी हाक मारते. येरुशा, अशी. मग थांबते. आपण ओ दिल्याशिवाय पुढे जात नाही. माझंही नाव तेच, म्हणून मी ओ देते. पण माझी ओ ऐकल्यावर ती आणखी थोडी थांबते. कोणी बोलायचं राहिलंय का, असं. मग म्हणायला लागते. दर शुक्रवारी असंच होतं. मला फार लाज वाटते, मावशी.”

येरुशाबाईंनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं असं नाही, पण त्यांनी नुसतंच धरलं. आई हाक मारायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. बरणीबरोबर गेलं म्हणून नव्हे. साठ वर्षांत एकदाही ते कानावर आलं नसणार, कारण आलं असतं तर त्यांनी ते हरकतीत पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

“किती वर्षं झाली असतील हो,” त्या म्हणाल्या, “दर शुक्रवारी हाक मारतेय. आणि मी आपली वात लावून मोकळी.”

“मी अर्जाला तातडीचा शेरा मारून बघतो,” दांडेकर म्हणाले.

“सात वर्षं ती अशीच थांबत राहील का?”

दांडेकरांनी नियमांची वही चाळली. हाक मारणाऱ्याने किती थांबावं याबद्दल तिच्यात काही नव्हतं.

“मग तिला विचारा,” येरुशाबाई म्हणाल्या, “तिकडे दिवा किती वाजता लावतात.”

उत्तर यायला तीन आठवडे लागले. सध्या साडेचारला, धाकट्या येरुशाने लिहिलं, तुमच्याकडे तेव्हा आठ वाजले असतील, पण आता दिवस मोठा होत जाईल, मी दर पत्रात वेळ कळवत जाईन.

त्या शुक्रवारी येरुशाबाईंनी सूर्यास्ताला मालकाबाईंच्या शिस्तीत आपला दिवा लावला, जेवून घेतलं, ओटीवर येऊन पायरीवर बसल्या. आतल्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून होत्या. समोर चांगुणा जाळं सारखं करत बसली होती. बरोबर आठ वाजता येरुशाबाईंनी पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाल्या, “ओ.”

चांगुणाने मान वर केली. “कुणाला ओ देतेस गो?”

“आईने हाक मारली.”

“जा तर मग, बसलीस काय?”

“लांब आहे ती,” येरुशाबाई म्हणाल्या. चांगुणाला ते पटलं असावं, ती पुन्हा जाळ्याकडे वळली.

पुढचे सगळे शुक्रवार असेच गेले. वेळ सरकत गेली तशी येरुशाबाईंची बैठकही सरकत गेली. एका शुक्रवारी ताप होता तेव्हा त्यांनी आतूनच, खाटेवरून ओ दिली. नऊ वर्षांच्या मुलीने द्यावी तशी ती आता मोठ्याने आणि चटकन यायची.

वल्हांडणाच्या सणाआधी दिमोनाचं पत्र आलं, ते दांडेकर स्वतः घेऊन आले. भाज्या महाग आहेत, धाकट्याला शाळेत घातलं, नवऱ्याला कारखान्यात लावून घेतलं, असं सगळं झाल्यावर शेवटी लिहिलं होतं: “मावशी, एक नवल सांगते. तुमची आई आता थांबत नाही. मी ओ दिली की ती जरा हसते आणि लगेच सुरू करते.”

दांडेकरांनी पत्राची घडी घातली. वही बरोबर आणलीच होती, ती त्यांनी गुडघ्यावर उघडली.

“हे प्रकरण अजून उघडं दिसतंय, वहिनी. अदलाबदलीचा अर्ज ठेवू की काढू?”

“काढा. ती रमलीय तिकडे. आणि ही इथे.”

“मग शेवटी काय लिहू? परत मिळाली असं तर लिहिता येणार नाही.”

येरुशाबाईंनी वहीत डोकावून पाहिलं.

“लिहा, ओ पोचली.”

दांडेकरांनी तसंच लिहिलं, खाली तारीख घातली, आणि सहीसाठी वही त्यांच्यापुढे केली.